सतरा-सीचा हिशेब : तळेगाव (श्यामजी पंत) आणि मतदान केंद्रावरची परगावची माणसे

भारतातील निवडणुकीविषयी जे लिहिले-बोलले जाते, ते बहुतांशी उमेदवार, पक्ष, जातीची गणिते, पैसा आणि गेल्या काही वर्षांत मतदान यंत्र यांच्याभोवती फिरते; मतदानाच्या दिवशी ज्या पाच-सहा माणसांच्या हाती अकरा तास एका वर्गखोलीपुरती राज्यसत्ता सोपवलेली असते, त्यांच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. ही माणसे निवडणूक आयोगाची नोकर नसतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२४ ने आयोगाला अफाट अधिकार दिले, पण गावपातळीवर स्वतःचे म्हणावे असे मनुष्यबळ दिले नाही. त्यामुळे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १५९ चा आधार घेऊन शाळा, जिल्हा परिषद, महसूल, कृषी आणि इतर खात्यांकडून माणसे मागून घ्यावी लागतात, कलम २६ प्रमाणे जिल्हा निवडणूक अधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, त्यांची नेमणूक करतो आणि कलम २८-अ प्रमाणे निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून निकाल लागेपर्यंत ती आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते. प्रतिनियुक्ती म्हणजे मूळ खात्यातील नोकरी आणि पगार कायम राहून हुकूम मात्र दुसऱ्याचा चालणे. एरवी पाचवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवणारा जिल्हा परिषदेचा शिक्षक या कलमामुळे काही दिवसांसाठी घटनात्मक संस्थेचा हात बनतो, आणि त्या काळात त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करायची की नाही हेही आयोगाच्या मर्जीवर असते.

हा हात कसा चालतो, हे पाहण्यासाठी वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव सोयीचे आहे, आणि त्याचे कारण या गावात काही विलक्षण घडले असे नाही. नागपूर-अमरावती महामार्गावरचे, आर्वी आणि आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या फाट्याचे हे गाव. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्र्याच्या बागा. विधानसभेसाठी ते आर्वी मतदारसंघात (क्रमांक ४४) येते आणि लोकसभेसाठी वर्धा मतदारसंघात (क्रमांक ८), ज्यात आर्वी, देवळी, हिंगणघाट व वर्धा या जिल्ह्यातील चार विधानसभा क्षेत्रांबरोबर अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे आणि मोर्शी ही दोन क्षेत्रेही मोडतात. कंसातल्या श्यामजी पंतांचे महत्त्व अशा वेळी कळते. याच लोकसभा मतदारसंघाच्या धामणगाव क्षेत्रात तळेगाव दशासर आहे, वर्धा तालुक्यात आणखी एक तळेगाव आहे, आणि नेमणुकीच्या आदेशावर केंद्राचा क्रमांक न पाहता नुसते गावाचे नाव वाचणाऱ्याची चांगलीच पंचाईत होऊ शकते. तालुक्याचा इतिहासही अशा चर्चेत अस्थानी ठरू नये : १६ ऑगस्ट १९४२ रोजी ज्या आष्टीत लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला आणि दोन्ही बाजूंनी रक्त सांडले, त्याच परिसरात त्यानंतर दहा वर्षांच्या आत, वर्धा तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्यात असताना, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या पेट्या आल्या. त्या निवडणुकीसाठी देशभरात ५६,००० केंद्राध्यक्ष आणि २,८०,००० सहायक लागले होते, आणि पेट्या उमेदवारागणिक वेगळ्या होत्या. सरकारी माणूस म्हणजे धाक, या समजुतीत वाढलेल्या गावाला त्याच सरकारी माणसाच्या देखरेखीखाली सरकार बदलायला सांगणे ही त्या काळची खरी नवलाई होती.

मतदान केंद्रावरच्या पथकाची रचना आता ठरून गेली आहे. प्रमुख तो मतदान केंद्राध्यक्ष. त्याच्या हाताखाली तीन मतदान अधिकारी, एक शिपाई आणि बंदोबस्ताला पोलीस किंवा होमगार्ड. पहिल्या मतदान अधिकाऱ्याकडे मतदार यादीची चिन्हांकित प्रत असते, म्हणजे ज्या एकाच प्रतीवर कोण मतदान करून गेले याच्या खुणा व्हायच्या ती प्रत, आणि मतदाराची ओळख पटवून त्याचे नाव मोठ्याने वाचणे हे त्याचे काम. दुसरा डाव्या तर्जनीला पक्की शाई लावतो, नमुना १७-ए या मतदार नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटवरचे ‘बॅलट’ बटण दाबतो, तेव्हाच आडोशामागचे बॅलट युनिट एका मतापुरते जागे होते. दुसरा किंवा तिसरा अधिकारी आलाच नाही, तर केंद्राध्यक्षाला तिथे हजर असलेल्या कोणत्याही व्यक्तीची नेमणूक करण्याची मुभा कलम २६ देते. अट एवढीच की ती व्यक्ती एखाद्या उमेदवाराच्या पदरची नसावी. कायदा करणाऱ्यांना हिंदुस्थानातील रस्त्यांची आणि पावसापाण्याची पुरती कल्पना असावी, असे या तरतुदीवरून वाटते.

या पथकाचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे त्याचे परगावचे असणे. संगणकावर कर्मचाऱ्यांची तीन वेळा सरमिसळ, म्हणजे त्यांच्या बोलण्यातले रँडमायझेशन, केली जाते : पहिल्या खेपेला कामासाठी माणसे निवडली जातात, दुसऱ्या खेपेला पथके बनतात आणि तिसऱ्या खेपेला, आयोगाच्या निरीक्षकासमोर, कोणते पथक कोणत्या केंद्रावर हे ठरते. सामान्यतः कुणालाही स्वतःच्या विधानसभा मतदारसंघात किंवा ज्या भागात तो नोकरीला आहे त्या भागात केंद्र दिले जात नाही, आणि पथकातील माणसेही शक्यतो वेगवेगळ्या खात्यांची असतात. परिणामी हिंगणघाटचा शिक्षक, सेलूचा कृषी सहायक आणि देवळीचा लिपिक अशी एकमेकांना पूर्वी न भेटलेली माणसे प्रशिक्षणाच्या टेबलाशी एकत्र येतात आणि आपल्याला तळेगाव मिळाले हे त्यांना जवळजवळ अखेरच्या क्षणी समजते. जगाच्या इतर भागांत नेमका उलटा विचार आढळतो. जर्मनीत मतदान केंद्र चालवणारे लोक त्याच परिसरातील नागरिक असतात, हे काम मानाचे पण प्रसंगी सक्तीचे असते, आणि संध्याकाळी मते मोजतातही तेच, त्याच खोलीत. अमेरिकेतही काउंटीतील निवृत्त माणसेच मोठ्या संख्येने टेबलामागे बसलेली दिसतात. तेथे विश्वासाचा आधार ओळख आहे. भारताने तो अनोळखीपणावर ठेवला. गावातला माणूस गावातल्या माणसाला नाही म्हणू शकत नाही, हे भारतीय समाजाचे निरीक्षण त्यामागे आहे आणि ते चुकीचे नाही. मात्र त्याची किंमत पथकाला मोजावी लागते, कारण समोर उभ्या असलेल्या बाईच्या ओळखपत्रावरचे नाव आणि यादीतले नाव माहेर-सासरच्या फरकाने जुळत नसेल, तर ती कोण हे त्या खोलीत फक्त मतदान प्रतिनिधींना, म्हणजे उमेदवारांनी बसवलेल्या गावातल्याच माणसांना, ठाऊक असते. ओळखपत्र नसल्यास आधार, पॅन, मनरेगाचे जॉब कार्ड, फोटो असलेले बँकेचे पासबुक अशा १२ पर्यायी कागदपत्रांपैकी एक चालते. पण वाद निघाला तर परक्या केंद्राध्यक्षाला गावाची जीभ उधार घ्यावीच लागते. प्रतिनिधीने मतदाराच्या ओळखीलाच हरकत घेतली, तर त्याने २ रुपये भरून आक्षेप नोंदवायचा आणि केंद्राध्यक्षाने तिथल्या तिथे चौकशी करून निकाल द्यायचा, अशी नियमाची वाट आहे.

या परगावच्या माणसाचे स्वतःचे मत कुठे जाते, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत त्यांच्यातच चर्चिला जातो. हिंगणघाटच्या शिक्षकाची लोकसभेच्या वेळी तळेगावात ड्युटी लागली, तर दोन्ही ठिकाणे एकाच वर्धा मतदारसंघात असल्याने त्याला निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या भाषेत ‘ईडीसी’, मिळू शकते. त्याचे नाव चिन्हांकित प्रतीच्या शेवटी लिहिले जाते आणि तो तळेगावच्याच यंत्रावर मत देतो. विधानसभेला हे चालत नाही, कारण हिंगणघाटचे उमेदवार तळेगावच्या यंत्रावर नसतात, आणि म्हणून त्याला टपाली मतपत्रिका घ्यावी लागते, जी २०२३ मधील नियमबदलानंतर घरी नेता येत नाही. प्रशिक्षणाच्या ठिकाणी उघडलेल्या सुविधा केंद्रातच ती भरून द्यावी लागते.

मतदानाच्या आदल्या दिवशी पथके साहित्य उचलतात. एका टेबलावरून यंत्रे, दुसऱ्यावरून याद्या, तिसऱ्यावरून पिशवी. त्या पिशवीत केंद्राध्यक्षाची धातूची मोहोर, लाख, मेणबत्ती, काडेपेटी, दोरा, टाचण्या, हिरव्या कागदी सीला, विशेष टॅग, कार्बन पेपर, शाईच्या बाटल्या आणि लिफाफ्यांचा एक गठ्ठा. वैधानिक लिफाफे म्हणजे ज्यांतील कागद कायद्याने सीलबंदच ठेवायचे ते, आणि अवैधानिक म्हणजे बाकीचे. संध्याकाळी थकलेल्या डोळ्यांना या दोहोंतला फरक ओळखू यावा म्हणून आता त्यांना रंग दिले आहेत. शाईची बाटली कलंडू नये म्हणून एका भांड्यात वाळू किंवा मोकळी माती भरून तीत ती रोवायची, एवढी बारीक सूचनाही पुस्तिकेत असते. ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात, मैसूर पेंट्स अँड वार्निश या १९३७ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीत बनते, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती वापरात आहे. साहित्य ताब्यात आले की यादीशी ताडून पाहणे, एसटीच्या बसने गावात पोचणे, शाळेच्या खोलीत टेबले लावणे, बाहेर उमेदवारांची यादी आणि १०० मीटरच्या हद्दीची खूण करणे, गावात जी काही जेवणाची सोय होईल ती पाहणे आणि यंत्रांशेजारी सतरंजी टाकून झोपणे, असा त्या दिवसाचा क्रम असतो. महामार्गावरच्या तळेगावात निदान चहा आणि जेवण मिळण्याची भ्रांत नसते. तेच पथक कारंजा तालुक्यातल्या आडवळणाच्या गावी गेले, तर कोतवाल किंवा शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकीण बाई हाच आधार.

सकाळी सातच्या मतदानाआधी ९० मिनिटे, म्हणजे साडेपाचला, अभिरूप मतदान सुरू होते. यालाच सगळे मॉक पोल म्हणतात, आणि लोकशाहीतील ज्या थोड्या गोष्टी साध्या डोळ्यांनी पाहता येतात त्यांपैकी ही एक असल्याने तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. मतदान प्रतिनिधींसमोर केंद्राध्यक्ष यंत्र शून्य असल्याचे दाखवतो, व्हीव्हीपॅट या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राची पेटी रिकामी असल्याचे दाखवतो, आणि मग प्रत्येक उमेदवाराला व ‘नोटा’ला धरून किमान ५० मते टाकली जातात. कुणी कोणते बटण दाबले याची कागदावर नोंद ठेवली जाते. त्यानंतर येतो तो क्रम, जो प्रशिक्षणात इतक्यांदा सांगितला जातो की तो कर्मचाऱ्यांच्या तोंडी ‘सीआरसी’ या तीन अक्षरांनी बसला आहे : क्लोज, रिझल्ट, क्लिअर. यंत्र बंद करायचे, निकाल दाखवायचा, कागदावरच्या नोंदीशी आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांशी तो ताडायचा, आणि मग सगळी मते पुसून टाकायची. चिठ्ठ्याही पेटीतून काढायच्या, त्यांच्या मागे मॉक पोलचा शिक्का मारायचा, काळ्या लिफाफ्यात घालून सील करायच्या. पहाटेच्या घाईत यातले तिसरे अक्षर राहून गेले, तर ती पन्नास खोटी मते दिवसभराच्या खऱ्या मतांत मिसळतात. मग अशा केंद्राचे यंत्र मोजणीत बाजूला ठेवले जाते, आणि विजयाचा फरक त्या केंद्रावरच्या मतांच्या आत असेल तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजण्याची वेळ येते. हे सगळे पार पडल्यावर कंट्रोल युनिटच्या निकालाच्या कप्प्यावर हिरवी कागदी सील बसवली जाते, तिच्यावर केंद्राध्यक्षाची आणि इच्छुक प्रतिनिधींची सही घेतली जाते, आणि संध्याकाळपर्यंत त्या कप्प्याला कुणाचा हात लागणे अपेक्षित नसते.

व्हीव्हीपॅट म्हणजे मत दिल्यावर उमेदवाराचे नाव, क्रमांक आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद काचेतून दाखवून पेटीत टाकणारे छपाई यंत्र. २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत ते प्रथम वापरले गेले आणि २०१९ च्या लोकसभेला देशभर आले. विदर्भाच्या आठवणीत मात्र ते २८ मे २०१८ च्या भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीमुळे राहिले, कारण ऐन उन्हाळ्यातल्या त्या मतदानात ही यंत्रे मोठ्या संख्येने बंद पडली आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. आयोगाने त्याचे खापर प्रखर उजेड आणि कागदाला लागणाऱ्या दमटपणावर फोडले. तेव्हापासून यंत्र दिव्याखाली किंवा खिडकीच्या झोतात ठेवू नये, ही सूचना प्रत्येक वर्गात ठासून सांगितली जाते. शाळेच्या खोलीला खिडक्या मुलांनी पाटीवर लिहावे म्हणून मोठ्या ठेवलेल्या असतात, त्यांचा उजेड अडवायला बाकडी, फळा, पुठ्ठे जे मिळेल ते लावावे लागते, आणि तसे करताना बॅलट युनिटच्या आडोशात बाहेरून डोकावता येणार नाही हेही पाहावे लागते.

मतदानाचा दिवस एकसारखा जात नाही. वर्धा लोकसभेचे २०२४ चे मतदान दुसऱ्या टप्प्यात, शुक्रवार २६ एप्रिल रोजी झाले, आणि विदर्भातील एप्रिलचे ऊन ज्याला ठाऊक आहे त्याला सकाळी आणि चारनंतर रांग, मधल्या वेळी शुकशुकाट, हे वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी विधानसभेचे मतदान बुधवार २० नोव्हेंबरला झाले, तेव्हा कापसाच्या वेचणीचा हंगाम होता. वेचणीला जाणारी बाई रोज बुडवून मतदानाला येणार की परतताना येणार, यावर रांगेचा आकार ठरतो. रांग लांबली की पहिल्या अधिकाऱ्याची मान वर होत नाही. रांग नसली की प्रतिनिधी यादी घेऊन उरलेल्या मतदारांना बोलावणे धाडतात. याच काळात नियम पुस्तकातील दुर्मीळ प्रसंगही समोर येऊन उभे राहतात. अंध किंवा अशक्त मतदाराबरोबर प्रौढ सोबती येतो, त्याने गुप्तता पाळण्याचे प्रतिज्ञापत्र भरून द्यायचे असते आणि एका दिवसात एकाहून अधिक मतदारांचा सोबती व्हायचे नसते. कुणी येते आणि आपल्या नावावर आधीच मतदान झाल्याचे त्याला कळते. चौकशीत तो खरा ठरला तर त्याला यंत्राकडे न पाठवता कागदी मतपत्रिका देतात, जिला प्रदत्त मत म्हणतात आणि जिच्या प्रत्येक केंद्रावर २० प्रती असतात. कुणी १७-ए मध्ये सही करून ऐनवेळी मत द्यायचे नाही असे ठरवते. नियम ४९-ओ प्रमाणे तशी नोंद करून त्याला जाऊ देतात. ‘नोटा’शी याचा घोटाळा करू नये : ‘नोटा’ हे सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालाने यंत्रावर आलेले बटण आहे आणि ते दाबणे हे गुप्त मतदानच असते, तर ४९-ओची नोंद वहीत उघड होते. चिठ्ठी चुकीची छापली गेली अशी तक्रार मतदाराने केली, तर लेखी घोषणापत्र घेऊन त्याला सर्वांसमक्ष चाचणी मत द्यायला लावतात, आणि तक्रार खोटी निघाल्यास शिक्षेची तरतूद आहे.

या सगळ्या प्रसंगांना संध्याकाळी एकाच कागदावर यावे लागते, तो नमुना १७-सी, म्हणजे नोंदवलेल्या मतांचा हिशेब. सहा वाजता रांगेत असलेल्यांना केंद्राध्यक्षाच्या सहीच्या चिठ्ठ्या वाटल्या जातात, आणि त्या रांगेच्या शेपटाकडून तोंडाकडे वाटायच्या असतात, जेणेकरून सहानंतर आलेला कुणी मागे येऊन चिकटू नये. शेवटचा मतदार गेला की ‘क्लोज’ बटण दाबले जाते आणि ‘टोटल’ दाबून आकडा पाहिला जातो. मग हिशेब सुरू होतो. केंद्रावरचे एकूण मतदार किती. १७-ए मध्ये नोंदले गेले किती. त्यांतून ४९-ओ खाली मत न देता परतलेले किती. मतदानाची गुप्तता मोडल्याबद्दल नियम ४९-एम खाली मत नाकारले गेलेले किती. वजा करायची चाचणी मते किती. आणि यंत्रात मते किती. वहीतल्या आकड्यातून वजावटी गेल्यावर जे उरते ते यंत्राच्या आकड्याशी जुळले पाहिजे. प्रदत्त मते या वजाबाकीत येत नाहीत, कारण ती १७-बी या वेगळ्या यादीत नोंदलेली असतात, आणि नेमका इथेच नवखा केंद्राध्यक्ष गोंधळतो. शेवटी कागदी सीलांचा हिशेब : किती मिळाल्या, किती वापरल्या, किती परत, कोणत्या क्रमांकांच्या.

हा कागद हाताने लिहिलेला असतो, आणि नियम ४९-एस प्रमाणे त्याची खरी प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला, त्याने मागितली नसली तरी, पोच घेऊन द्यावी लागते. मतमोजणीच्या दिवशी टेबलावर यंत्र आले की त्यातील एकूण आकडा या कागदाशी पडताळला जातो. मतदान यंत्रावर विश्वास ठेवावा की नाही या देशव्यापी वादात जो मुद्दा सहसा सुटतो तो हा : यंत्रात किती मते पडली यावर त्या खोलीतल्या शिक्षकाची सही आहे आणि त्या कागदाची प्रत प्रत्येक पक्षाच्या माणसाच्या खिशात आहे. कोणत्या उमेदवाराला किती, हे या कागदावरून कळत नाही आणि ती त्याची मर्यादाच आहे. पण मतांची संख्या रात्रीतून वाढली, असा आरोप असेल तर त्याचे उत्तर द्यायला यासारखा दुसरा पुरावा नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी तिथली मतदान यंत्रे घटनाबाह्य ठरवताना जी कसोटी लावली, ती अशी होती की निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे कोणत्याही विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय सामान्य नागरिकाला तपासता आले पाहिजेत. भारतीय यंत्रणा त्या कसोटीला पूर्ण उतरते असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु तिचा जो भाग उतरतो, तो सगळा मतदान केंद्रावरच्या कागदांत आहे, आणि ते कागद परगावच्या थकलेल्या माणसांनी लिहिलेले असतात.

वादाच्या ऐन मध्यावर हेच दिसून आले. तळेगावचे पथक २६ एप्रिल २०२४ रोजी मॉक पोलचे कागद आवरून मतदान घेत असताना, त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने सर्व व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची आणि कागदी मतपत्रिकांकडे परतण्याची मागणी फेटाळली. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याची २०१९ पासूनची पद्धत कायम राहिली. पुढच्याच महिन्यात १७-सीची आकडेवारी केंद्रनिहाय संकेतस्थळावर टाकावी ही मागणी न्यायालयापुढे आली, तेव्हा मतदानाचे टप्पे चालू असल्याचे कारण देऊन २४ मे रोजी अंतरिम आदेश नाकारण्यात आला. मग नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के, यावरून गदारोळ झाला. केंद्रावर एक दिवस बसलेल्या माणसाला या फरकातील बराचसा भाग समजू शकतो. दर दोन तासांचा आकडा क्षेत्रीय अधिकारी फोनवर विचारतो आणि केंद्राध्यक्ष रांग सांभाळत अंदाजाने सांगतो. पाचचा आकडा पाचनंतरच्या तासाला आणि सहानंतरच्या रांगेला धरत नाही. अंतिम आकडा १७-सीवरून येतो. पण समजू शकते म्हणून प्रश्न विचारू नये असे नव्हे. जो कागद प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधीला त्याच संध्याकाळी द्यायचा, तो मतदाराला का दिसू नये, याचे समाधानकारक उत्तर आयोगाने दिलेले नाही. आणि तो दिसला असता तर गदारोळाची हवा निम्मी तरी गेली असती.

या कागदाचा कर्ता बहुतेक वेळा शिक्षक असतो, यामागे कायद्याची आडवाट आहे. शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ चे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपण्यास मनाई करते आणि लगेच तीन अपवाद ठेवते : दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळे व संसद यांच्या निवडणुका. त्याआधी ६ डिसेंबर २००७ रोजी सेंट मेरीज शाळेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले होते की शिक्षकांना शक्यतो सुटीच्या आणि शिकवणी नसलेल्या दिवशीच निवडणुकीचे काम द्यावे. मतदानाच्या दिवशी सार्वजनिक सुटी असतेच. प्रशिक्षणे, साहित्य वाटप, बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून घरोघर फिरून याद्यांची तपासणी, हे मात्र सुटीत बसत नाही. निवडणुकीच्या कामात कसूर केल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १३४ प्रमाणे ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, पण कर्मचाऱ्याला धास्ती दंडाची नसून निलंबनाची असते. मोबदल्याची बाजू अधिक बोलकी आहे. केंद्राध्यक्षाचे मानधन दिवसाला ३५० रुपये आणि मतदान अधिकाऱ्याचे २५० रुपये कितीतरी वर्षे होते. २०२५ मध्ये आयोगाने ते अनुक्रमे ५०० आणि ४०० रुपये केले. कामावर असताना मृत्यू आल्यास कुटुंबाला किमान १५ लाख रुपये, आणि हिंसक कारवायांत आल्यास ३० लाख, असे सानुग्रह साहाय्य आहे. राज्याच्या सर्वोच्च विश्वासाच्या कामाचा दर रोजंदारीच्या आसपास ठेवण्यात काटकसर आहे की विस्मरण, हे ठरवणे कठीण आहे.

लिफाफे सील करून, व्हीव्हीपॅटची विजेरी काढून आणि मागचा खटका आडवा करून पथक रात्री निघते ते मतदारसंघाच्या स्वीकृती केंद्राकडे, जिथे पुन्हा रांग असते आणि टेबलामागचा लिपिक सर्वप्रथम १७-सी आणि केंद्राध्यक्षाची दैनंदिनी मागतो. एखादी सही राहिली असेल, आकड्याचे अक्षर अस्पष्ट असेल, तर पथकाला बाजूला बसून ते पूर्ण करावे लागते. सगळे जमा करून सुटका होईपर्यंत मध्यरात्र उलटणे नवलाचे नसते, आणि परतीच्या वाहनाची सोय हा बहुसंख्य कर्मचाऱ्यांच्या लेखी संपूर्ण निवडणुकीतला सर्वांत मोठा प्रश्न असतो.

लोकसभा आणि विधानसभेच्या या व्यवस्थेची खरी परीक्षा मात्र गावाच्या स्वतःच्या निवडणुकीत होते. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका अनुच्छेद २४३-के प्रमाणे राज्य निवडणूक आयोग घेतो. आयोग वेगळा, माणसे तीच. ग्रामपंचायतीला व्हीव्हीपॅट नसते. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परतली; त्यामुळे मतदाराला सरपंचासाठी एक आणि प्रभागातील जागांसाठी दोन-तीन, अशी वेगवेगळी मते एकाच फेरीत द्यावी लागतात, आणि सगळी बटणे दाबल्याशिवाय मत पूर्ण होत नाही हे म्हाताऱ्या माणसाला आडोशाबाहेरून, आत न डोकावता, समजावून सांगायची कसरत केंद्राध्यक्षाला करावी लागते. प्रतिनिधी म्हणून बसलेले एकमेकांचे भाऊबंद, फरक पाच-दहा मतांचा, आणि समसमान मते पडल्यास निकाल चिठ्ठी टाकून. अशा खोलीत व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठीचा पुरावा नाही, निरीक्षक सहसा फिरकत नाही, आणि वादाचा निवाडा करायला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून आलेला, गावात कुणाचाच काही न लागणारा एक शिक्षक तेवढा असतो; त्याच्या हातची वही आणि यंत्राचा आकडा जुळला, की दोन्ही गटांचे प्रतिनिधी हिशेबाच्या कागदावर सह्या करतात.